बुटकं दार

यंदाच्या वादळात वसईच्या वाडीतली अवजारांची खोपी कोसळली. सुतार रोज उद्यावर ढकलत होता, म्हणून मीच केळींच्या कडेला नवी बांधायला घेतली. जुन्या खोपीचं दार बुटकं होतं. बाबा आत शिरताना हमखास कपाळ आपटून घ्यायचे आणि आई बडबडत टेंगळावर गरम हळद लावायची. बाबा मागच्या वर्षी गेले, पण माझा दारावरचा राग राहिला. चौकट चांगली उंच बसवली. आई बघायला आली. “एवढं उंच दार कशाला रे केलंस?” “कुणाचं डोकं आपटायला नको, म्हणून.” “मग ते आलेले मला कळायचं कसं?” मी हातोडी उचलली. जुन्या उंचीवर आडवी फळी ठोकून दिली. संध्याकाळी दोघं ओटीवर चहा पिताना खोपीकडून धाडकन आवाज आला. आई कप ठेवून हळद गरम करायला आत गेली.