खुर्चीमागचा प्लग

तिच्या लॅपटॉपची बॅटरी गेली तेव्हा नवऱ्यानं सुट्टीचा अख्खा दिवस त्यात डोकं घातलं आणि शेवटी हात टेकले. "आता चार्जर लावूनच वापर," तो म्हणाला. चार्जरची जाड पिन घरात एकाच प्लगला बसायची, हॉलमधल्या, त्याच्या खुर्चीमागच्या. नोकरीच्या दोन्ही ऑनलाइन मुलाखती तिनं तिथेच बसून दिल्या, त्याच्यादेखत, आणि दोन्ही वेळा तिची जीभ अडखळली.

आज तिसरी होती. बेडरूमचं दार लावून घेऊन तिनं धाकट्या बहिणीला फोन लावला.

"ताई, लॅपटॉप पालथा घाल. खालचे दोन्ही खटके सरकव, बॅटरी निघेल. तिच्या कडेला बारीक पितळी पट्ट्या असतील, त्या पुसून बघ. त्या आत नीट टेकल्या नाहीत तर चांगली बॅटरीही चालत नाही."

पट्ट्यांवर पारदर्शक चिकटपट्टी होती. ब्लेडनं सरळ रेषेत कापलेली, कुठे सुरकुती नाही की बुडबुडा नाही. मुलीच्या वह्यांना कव्हरं घालताना तो अश्शीच लावायचा.

"दिसलं का काही?" बहिणीनं विचारलं. "दाजींनी एवढी खटपट केलीय म्हणजे अवघडच असणार. आमच्याकडे साधा बल्ब बदलायचा तर मलाच स्टुलावर चढावं लागतं. नशीब काढलंस बाई तू."

तिनं नखानं चिकटपट्टीचं टोक उचललं होतं. ते थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, मग अंगठ्यानं दाबून पुन्हा नीट बसवलं.

"नाही गं," ती म्हणाली. "हे म्हणाले तेच खरं. बॅटरीच गेलीय."