एकशेवीस-ऐंशी

दोन वर्षांत सहाशेपैकी एकही रुग्ण दगावला नाही, हा आकडा पडद्यावर आला आणि प्रोफेसर टिओंनी केक मागवला.

रुग्ण इजिप्तचे होते, नाईलच्या मुखाजवळच्या एका गावातले. बाराशे जण, सगळ्यांना साखर आणि रक्तदाब दोन्ही. त्यातले सहाशे नेहमीसारखे दवाखान्यात येत. उरलेल्या सहाशेंच्या घरी दर महिन्याला नर्स जाई, बीपी मोजी आणि गोळ्या घेतल्या का ते दरडावून विचारी. दवाखान्याच्या नोंदवहीप्रमाणे तिथे येणाऱ्यांपैकी छप्पन्न जण वारले होते. नर्स जात होती त्यांच्यातलं कोणीच नाही. गुरुवारी प्रोफेसर हे सिंगापूरच्या मोठ्या परिषदेत जाहीर करणार होते.

प्रणिता मेश्रामने केक खाल्ला. ती नागपूरची, संख्याशास्त्रातली डॉक्टरेट घेतलेली, सिंगापूरच्या क्लेमेंटी भागात एका खोलीत भाड्याने राहणारी. या बाराशेंपैकी एकालाही तिने पाहिलं नव्हतं. तिला ते आकड्यांत भेटत. डिसेंबरात तिचा इथे काम करण्याचा पास संपत होता आणि हा अभ्यास पुढे चालला तरच तो वाढणार होता. त्यामुळे ते शून्य तिलाही आवडलं होतं. फक्त पचत नव्हतं. ती राहायची त्या इमारतीखाली वर्षभरात चार वेळा अंत्यविधीचा मांडव उभा राहिला होता. आणि इथे तर लिफ्ट होती, कोपऱ्यावर क्लिनिक होतं, म्हातारी माणसं सकाळी सकाळी व्यायाम करत होती.

तिने फाइल उघडली. एक्केचाळीस रुग्णांचा बीपी महिनोन्‌महिने एकशेवीस-ऐंशी होता. एका अंकाने इकडे नाही की तिकडे नाही. इतका चांगला बीपी प्रणिताचा स्वतःचा नव्हता. नर्स घरी बसून आकडे ठोकते आहे, हे उघड होतं. चूक दुसऱ्या खंडात निघाल्यामुळे तिला जरा बरंच वाटलं.

दुपारी तिने त्या नर्सला, सिस्टर नजातला, फोन लावला. तिकडे सकाळ होती. नजातचं इंग्रजी कामचलाऊ होतं, पण आवाज खणखणीत. तीनशे अठरा क्रमांकाच्या रुग्णाबद्दल विचारल्यावर तिने लगेच नाव सांगितलं आणि ते गेल्या वर्षी रमजानमध्ये वारले, असंही सांगितलं. प्रणिताने पुढचा क्रमांक विचारला. त्याही वारल्या होत्या. एक जण हृदयविकाराने गेला होता, एक स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली, एक आजी सुनेशी भांडता भांडता. नजातला एक्केचाळीसही जण नावानिशी आठवत होते. कुणाच्या घरी किती माणसं रडायला आली, तेसुद्धा.

मग यांचा बीपी आला कुठून, असं प्रणिताने विचारलं.

“तुमच्या फॉर्ममध्ये वारल्याची जागाच नाही,” नजात म्हणाली. “बीपी रिकामा सोडला तर तो पुढे जात नाही. शून्य लिहिलं तर लाल अक्षरांत म्हणतो, पुन्हा मोजा. पहिल्यांदा मी पुन्हा गेलेसुद्धा. त्यांचा मुलगा माझ्या अंगावर धावून आला. तेव्हापासून मी निरोगी माणसाचा लिहिते. आता त्यांना कसला त्रास, डॉक्टर?”

फॉर्म प्रणिताने बनवला होता. तिकडच्या नर्स कामचुकारपणा करतील म्हणून एकूण एक चौकट तिने सक्तीची केली होती. मृत्यूच्या नोंदीचा वेगळा फॉर्म होता. तो तिच्याच लॅपटॉपवर ‘फायनल’ या नावाने पडून होता. पाठवायचा राहून गेला होता.

ती उठून प्रोफेसरांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. फॉर्म आपला, चूक आपली, हेही. प्रोफेसरांनी ऐकून घेतलं, दार लावलं, आणि खिडकीबाहेर बघत या लोकांना ‘संपर्क तुटला’ असं दाखवता येईल का, असं हळूच विचारलं.

येण्यासारखं होतं. प्रत्येक अभ्यासात तो रकाना असतो आणि चाळीस-पन्नास माणसं त्यात सहज मावतात. एक क्लिक. कोणी विचारणार नव्हतं. शून्य टिकणार होतं, आणि पासही.

“प्रोफ,” प्रणिता म्हणाली, “ते कुठे गेलेत ते आपल्याला माहीत आहे.”

प्रोफेसरांनी लॅपटॉप ओढला आणि शून्य खोडून एक्केचाळीस लिहिलं. खाली आपली चूक कबूल करणारं वाक्य प्रणिताने सांगितलं. त्यातला ‘मूर्खपणा’ हा शब्द तेवढा त्यांनी काढून टाकला.

एक्केचाळीस आणि छप्पन्न. फरक होता, पण केक मागवण्याइतका नव्हता. गुरुवारी भाषण दहा मिनिटांत आटोपलं. टाळ्या बेतास बात पडल्या. चहाच्या सुट्टीत मात्र अर्धं सभागृह फोन कानाला लावून आपापल्या फॉर्मबद्दल चौकशी करताना दिसलं. प्रणिताचा पास दोनऐवजी एकच वर्ष वाढला. तिने नवा फॉर्म बनवला. या वेळी पाठवलाही. त्यात पहिलाच प्रश्न होता, रुग्ण हयात आहे का.

महिन्याभराने नजातचा फोन आला. नदीकाठचे एक आजोबा गेले होते. तिने रीतसर नोंद केली होती, कुठे अडलं नव्हतं. प्रणिताने सुटकेचा निःश्वास टाकला.

“जागा छान केलीत, डॉक्टर,” नजात म्हणाली. “पण खाली फॉर्म विचारतोय, पुढची भेट कधी. मी लिहिलं, इन्शाल्ला.”