मोहर न आलेला आंबा

होळीसाठी झाड मागायला वाडीतली माणसं जानकीच्या अंगणात येऊन उभी राहिली, तेव्हा ती टँकरचं पाणी पिंपात ओतत होती. तिने हंडा खाली ठेवला नाही.

पुढे बाबू गावकर, हातात नारळ. त्याच्या मागे अजय खांद्यावर दोरखंड टाकून, आणि शिवा. शिवाने कुऱ्हाड पाठीमागे धरली होती, पण कुऱ्हाड काही लपून राहायची वस्तू नव्हे.

"जानकीकाकी, देवळात बसान ठरला," बाबू म्हणाला. "यंदाची होळी तुमच्या आंब्याची."

जानकी पाणी ओतत राहिली.

बाबूने घसा खाकरला. "ह्येका यंदा मोहर इलो नाय. आंबो धरूचो नाय. आणि असो सरळ दुसरो वाडीत खंय रवलो हा?"

ते खरंच होतं. मालवणातली ती वाडी आता नावापुरतीच वाडी. माड गेले, फणस गेले, त्या जागी लॉज आले. ज्यांच्या गच्चीवरूनसुद्धा समुद्र दिसत नाही, त्यांनीही पाटीवर समुद्राचं नाव रंगवून घेतलं. विहिरींना खारं पाणी लागलं. शिमगा आला की गल्लीभर धूळ, निळ्या टाक्या आणि पाण्यावरून भांडणं. असल्या दोन लॉजच्या भिंतींमध्ये जानकीचं कौलारू घर, आणि उजेड शोधत सरळसोट वर गेलेला हा एकटा आंबा.

मागणं मानाचं होतं. होळीच्या झाडाला नाही म्हणायची रीत नाही. एकाच घराने नाही म्हटलेलं चालतं, ज्या घरात वर्षाच्या आत मयत झालंय. त्या घरात सण नसतो, आणि त्या घरचं झाड कोणी घेत नाही.

दिवाळीआधीच्या वादळात जानकीच्या मुलाची, प्रीतमची, बोट फुटली. बाकीचे खलाशी किनाऱ्याला लागले. प्रीतमचं काहीच सापडलं नाही. पोलीस 'बेपत्ता' म्हणाले आणि जानकीने तो शब्द घट्ट धरून ठेवला. दिवस केले नाहीत, सुतक पाळलं नाही. सून स्वप्ना रोज कुंकू लावत होती.

म्हणून तर बाबू आला होता. वाडीतलं एकुलतं झाड सोडून दुसरीकडे गेलो, तर प्रीतम मेला असं आपणच ठरवल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं. माणूस भला. त्याच्या भलेपणानेच घोळ करून ठेवला.

'घेवन जावा' असं जानकीच्या ओठांवर आलंही. हल्ली ती सगळ्यालाच हो म्हणायची. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की आडवी व्हायची. आणि झाड दिलं की घर सणाचं. घर सणाचं म्हणजे मुलगा आहे.

तेवढ्यात अजयने मान वर केली. "बाबूदा, पालवी बग कशी फुटलीहा ती!"

सगळ्यांनी वर बघितलं म्हणून जानकीनेही बघितलं. रोज सकाळी त्याच झाडाखालचा पाचोळा ती झाडत होती, पण मान वर करायचं तिला सुचलं नव्हतं. शेंड्याकडची पानं तांबूस, मऊ, ओल्या फडक्यासारखी लोंबणारी. त्याखाली पोपटी. मोहराच्या जागी सगळीकडे नुसती पालवीच. कोणी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं. घरात काय झालंय याची चौकशी न करता झाड आपलं फुटून मोकळं झालं होतं.

तिला राग आला. मग राग गेला आणि वाटलं, हे तोडू नये. एवढंच. पण इतक्या महिन्यांत आपल्याला काहीतरी वाटलं, याचंच तिला नवल वाटलं.

शिवा बुंध्याला हात लावून बघत होता.

"थांब रे," जानकी म्हणाली.

"भियाव नको काकी, फांदी कौलार पडूची नाय. आमी संभाळून..."

"तसा नाय." तिने हंडा खाली ठेवला. "बाबू, यंदा आमच्याकडे सण नाय."

अजय काहीतरी विचारणार होता. बाबूने त्याचा दंड धरला. मग त्याने नारळ अजयकडे दिला, पायातल्या चपला काढल्या आणि मान खाली घालून थोडा वेळ तिच्यासमोर उभा राहिला. शिवा झाडापासून लांब झाला. जाताना कोणीच 'येतंव' म्हणालं नाही. मयताच्या घरून निघताना तसं म्हणत नाहीत.

जानकी वळली. दारात स्वप्ना उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. सापडला नाही त्या माणसासाठी रडायचं नाही, असं जानकीनेच तिला पहिल्या दिवशी बजावलं होतं, आणि पोरीने ते पाळलं होतं.

"रड गो आता," जानकी म्हणाली.

स्वप्ना उंबऱ्यावर बसली. तिने ओढणी दोन्ही हातांनी तोंडाला लावली आणि बराच वेळ तशीच राहिली. मग हात खाली घेतले. ओढणी कोरडीच होती.

"रडाक येणा नाय, आये," ती म्हणाली.