सोमवारचं गिऱ्हाईक

तिघा सेवकांनी धरलं तरी तो माणूस डोक्याला हात लावू देईना. कात्री दिसली की भिंतीला चिकटायचा, दोन्ही हातांनी डोकं गच्च झाकून घ्यायचा.

टेंभुर्णीच्या चौकातून त्याला परवाच सोलापुरात, या निराधारांच्या आश्रमात आणलं होतं. नाव सांगत नव्हता. बोलतच नव्हता. केसांच्या जटा झाल्या होत्या आणि त्यांच्याखाली कुठंतरी जखम कुजत होती. खोलीभर वास सुटला होता.

"केस निघाल्याबिगर मला काहीच करता येईना, भारतदादा," नर्स चंद्रिका म्हणाली. "अळ्या पडल्यात. आजचा दिवस गेला तर अवघड हाय."

भारतचं सलून सोमवारी बंद असायचं. गेली सहा वर्षं दर सोमवारी तो इथं येऊन सगळ्यांच्या दाढ्या आणि कटिंग करून जायचा. त्यानं त्या तिघांना बाहेर जायला सांगितलं. कात्री पिशवीत टाकली आणि त्या माणसासमोर फरशीवर मांडी घालून बसला.

मग भारतनं केस कापायचं मशीन चालू केलं, त्या माणसाच्या हातात दिलं आणि स्वतःची मान पुढं वाकवली.

"आधी माझं कर."

चंद्रिका दचकली. "आवो दादा, आई हाय की तुमची अजून! डोकं भादरून घरी जाणार व्हय?"

"वरडंल जरा. सांगतो की मी तिला."

मशीन आधी नुसतंच हवेत गुणगुणलं. मग भारतच्या कपाळापासून मागं सरकलं, वेडंवाकडं. केसांचे पुंजके मांडीवर पडू लागले. कानामागं मशीनचे दात लागले, रक्ताची बारीक रेघ उमटली. भारत हलला नाही.

निम्मं डोकं झाल्यावर त्या माणसानं मशीन खाली ठेवलं. थोडा वेळ भारतच्या डोक्याकडं बघत राहिला आणि त्यानं आपली मान खाली घातली.

पुढचा दीड तास भारत एकेक जट कापत होता. चंद्रिकानं चिमट्यानं अळ्या काढल्या, जखम धुतली, औषध भरून पट्टी बांधली. तो माणूस मधूनच कण्हायचा, पण जागचा उठला नाही.

"झालं बघ," भारत म्हणाला आणि खाली पडलेले केस गोळा करायला वाकला.

तेवढ्यात त्या माणसानं त्याचा खांदा धरला. त्याची मान एका बाजूला वळवली, कानामागं नीट बघितलं आणि जवळ तोंड नेऊन, पडलेल्या लेकराच्या गुडघ्यावर घालावी तशी हळूच फुंकर घातली.

"लई लागलं का?" त्यानं विचारलं.