फळीवरची गाठ

गाठ सरकत सरकत डेनिसच्या घरापाशी आली आणि थांबली.

पॅट्रिशियानं फळीला हलकी टिचकी मारली. घर्षणामुळे दोरा कधी कधी मध्येच अडकतो. गाठ हलली नाही. म्हणजे उत्तर खरं होतं.

चर्चच्या अंगणात दोन स्टुलांवर आडवी ठेवलेली फळी, तिच्यावर चिकटवलेला गावाचा नकाशा. सोमवारपासून ड्रायव्हर शिवाची व्हॅन रोज गावातली माणसं घेऊन उत्तनहून भाईंदरला जाणार होती. गावात एकाच जागी थांबेन, असं त्यानं बजावलं होतं, आणि ती जागा कोणती यावरून आठवडाभर तोंडं वाजत होती. शेवटी शाळेत गणित शिकवणाऱ्या पॅट्रिशियानं व्हॅननं जाणाऱ्या प्रत्येकाच्या घराच्या जागी नकाशावर एक छिद्र पाडलं. त्यातून दोरा खाली सोडून त्याला एक लोखंडी नट टांगला. दोऱ्यांची वरची टोकं एकत्र बांधली. प्रत्येक नट गाठीला आपल्या घराकडे ओढतो. ती जिथे थांबेल, तिथे सगळ्यांचं मिळून चालणं सर्वांत कमी.

“टीचरचं गनित टीचरच्याच दारात जाऊन बसनार, बघा,” असं डेनिस सकाळीच म्हणाला होता. आता तो मोकळेपणानं हसला. “मानलं बाबा टीचरला!”

पॅट्रिशियाचं घर वर, टेकाडाच्या टोकाला. तिथून डेनिसच्या घरापर्यंत नुसता उतार. तिची मुलगी ट्रेसी कुबड्यांवर चालायची; रोजचा एवढा चढउतार तिला झेपणारा नव्हता. एखाद्या दोऱ्याला जास्त वजन टांगता येतं, हे पॅट्रिशियाला ठाऊक होतं. पण आपल्याच मुलीच्या दोऱ्याला आपल्याच हातानं दुसरा नट लावणं तिला जमलं नव्हतं.

“ठीक आहे, मम्मी,” ट्रेसी हळूच म्हणाली. “भाईंदरच्या कॉलेजचं पुढच्या वर्षी बघू.”

डेनिसचं हसू मावळलं.

“टीचर, ह्यो एक नट म्हंजे काय?”

“एका माणसाचं चालणं.”

“मंग माझं चालनं नि ह्या पोरीचं चालनं सारकंच हाय?”

पॅट्रिशियानं ट्रेसीच्या कुबड्यांकडे पाहिलं.

“न्हाय ना?” डेनिसनं वाकून आपला नट सोडला आणि ट्रेसीच्या दोऱ्याला अडकवला. “काय गॅब्रियल, बघतो काय? तुजे पाय काय भाड्यानं दिलेत?”

शेजारी उभ्या गॅब्रियलनं शिवी हासडत आपला नट सोडला. मग एकेक जण पुढे आला. गाठ नकाशावरच्या टेकाडाकडे चढू लागली. विहीर मागे पडली, अर्ध्या वाटेवरचा क्रूस मागे पडला. शेवटी ती ट्रेसीच्या छिद्राला जाऊन टेकली, आणि पॅट्रिशियाला समोरचा नकाशा धूसर दिसू लागला.

ट्रेसी कुबड्या टेकत फळीपाशी आली. खाली हात घालून तिनं आपल्या दोऱ्यावरचे नट काढायला सुरुवात केली.

“डेनिस अंकल, हा तुमचा. गॅब्रियल अंकल, हा घ्या. लावा परत.”

गाठ पुन्हा खाली सरकू लागली. क्रुसापाशी आली, तसा ट्रेसीनं हात थांबवला. या वेळी टिचकी तिनं मारली. गाठ हलली नाही.

“बास,” ती म्हणाली. “इथवर मी येते चालत.”