मधला भाग

मधल्या मोड्यूलचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि छोट्या त्याच्यावर वाकला. घरात सगळे त्याला अजून छोट्याच म्हणत. केस पांढरे व्हायला लागले तरी.

समोरच्या टेबलावर लाकडी चौकट होती. तिच्यात ओळीने बसवलेली सिंथेसायझरची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्याची, मोड्यूल्स आणि त्यांना जोडणाऱ्या रंगीबेरंगी वायरींचा गुंता. मधलं मोड्यूल ताल द्यायचं आणि बाकीची त्याच्यामागून चालायची. तेच गप्प झालं, मग बाकीचीही झाली. भरलेल्या सभागृहात कोणीतरी खोकलं.

चूक त्याचीच होती. त्या मोड्यूलचं नवं फर्मवेअर, म्हणजे त्याला आतून चालवणारा प्रोग्रॅम, आलं होतं. कार्यक्रमाच्या दिवशी अपडेट करू नये, हे तो स्वतःच्या विद्यार्थ्यांना उठता-बसता सांगायचा. तरी सकाळी त्याला राहवलं नाही, आणि ते अर्धवटच बसलं असणार.

आता एकच उपाय होता, ते पुन्हा भरायचं. या मोड्यूलला फर्मवेअर आवाजातून द्यावं लागे. फोनवर फाइल वाजवायची आणि वायरीने आत सोडायची. मोड्यूल ती ऐकतं आणि स्वतःचा प्रोग्रॅम बदलून घेतं. त्याने फोन सगळे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरला जोडला आणि फाइल सुरू केली.

मिक्सर सभागृहाच्या स्पीकरांनाही जोडलेला आहे, हे त्याला स्पीकरांकडूनच कळलं.

आधी किर्रर्र, मग पत्रा घासावा तसा खरखराट. आवाज कमी केला तर मोड्यूलला ऐकू जाणार नव्हतं, आणि मध्येच थांबवलं तर ते कामातून गेलं असतं. छोट्याने मान खाली घातली आणि तो कशालाही न जोडलेला एक नॉब गंभीर चेहऱ्याने फिरवत राहिला. कान लाल झालेत हे त्याला न बघताही कळत होतं.

पहिल्या रांगेत ताई आणि बाबा बसले होते. बाबा पहिल्यांदाच त्याच्या कार्यक्रमाला आले होते, तेही ताईच्या आग्रहावरून. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस. स्वतः शिवलेला कोट घालून ऐटीत बसले होते. सुरुवातीला माईक तपासणारा 'हॅलो, हॅलो' म्हणाला, तेव्हा त्यालाही टाळ्या वाजवून मोकळे झाले होते. मागची मंडळी हसली होती. छोट्याने ते पडद्याआडून पाहिलं होतं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

खरखराट संपला. दिवा हिरवा झाला. त्या शांततेत मागे कुठेतरी एक जण खुदकन हसला, मग आणखी एक.

तोच बाबा उभे राहिले आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले. शेजारी ताईही उठली. मग पहिली रांग उठली, बहुधा मागे पडायची लाज वाटून, आणि मग सगळं सभागृह.

कार्यक्रम पार पडला. कार्यक्रम भरवणाऱ्या संस्थेच्या संचालिका भेटायला आत आल्या.

"बाकीचं ठीक होतं," त्या म्हणाल्या. "पण तो मधला भाग! केवढं धाडस आहे हो तुमचं. आमच्या मोठ्या मैफलीत तेच वाजवा. अगदी तसंच हं."

"बघतो," छोट्या म्हणाला.

खरं सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही. बाकीच्या वादनासाठी त्याने वर्षभर मेहनत घेतली होती, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटत होती. घरी पोचेपर्यंत ती सगळी बाबांवर वळली.

जेवताना तो म्हणाला, "बाबा, तुम्ही टाळ्या कशाला वाजवल्या?"

"चांगलं वाटलं म्हणून."

"काय चांगलं वाटलं? ते संगीत नव्हतं. यंत्र बंद पडलं होतं, मी ते दुरुस्त करत होतो. नुसती कटकट होती ती."

"असं होय," बाबा म्हणाले.

"तुमच्यामुळे सगळे उठले. आता लोक मला तीच कटकट पुन्हा वाजवायला सांगतायत. आधी त्या माईकवाल्याला टाळ्या, मग ह्याला. तुम्हाला कळत नाही तर पुन्हा येऊ नका माझ्या कार्यक्रमाला. मला तोंड दाखवायला जागा राहत नाही."

बाबांनी ताटातला घास संपवला. "बरं. नाही येणार," ते म्हणाले. "भाजी छान झालीय."

सकाळी छोट्या उठला तेव्हा पाहुण्यांच्या खोलीतली चादर घडी घालून ठेवलेली होती. बाबा पहिल्या गाडीने गावी निघून गेले होते.

दुपारी ताई आली. "बाबा कुठायत? आठवडाभर राहणार होते ना?"

छोट्याने सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज चढत गेला, आणि शेवटी तो ताईवरच घसरला. "आणि तू! तुला तरी कळायला हवं होतं. ते उठले की लगेच तूही उठलीस त्यांच्यामागे."

ताई खुर्चीत बसली.

"तो आवाज चालू होता तेव्हाच बाबांनी माझा हात घट्ट धरला होता," ती म्हणाली. "कानात म्हणाले, 'पोराचं काहीतरी बिघडलंय गं, मान वर करत नाहीये. हे थांबलं की लोक हसतील. त्याच्याआधी ऊठ आणि टाळ्या वाजव.'"