बाकावरचा तपासनीस

"तो बघ, आला परत," मयुरेश म्हणाला आणि हातातला रिमोट त्याने उगाचच घट्ट धरला.

मैदानाच्या कुंपणाबाहेर एक बाक होतं. म्हातारा येऊन त्यावर बसला. हिरवं जाकीट, कडक इस्त्रीची पँट, हातात फोन. आधी फोनकडे बघायचा, मग आकाशाकडे, मग परत फोनकडे. वर रिमोटवर उडणारे चार-पाच ग्लायडर असले तरी त्याची नजर नेमकी मयुरेशच्या पिवळ्या ग्लायडरवर. मे महिन्यापासून एक रविवार त्याने चुकवला नव्हता.

"ऑर्डनुंग्सआम्टचा माणूस आहे, लिहून घे माझ्याकडून. बारीकसारीक नियम मोडला तरी दंड लावतात ते लोक."

"सुट्टीच्या दिवशी? अरे, म्हातारा माणूस, हवा खात बसलाय बिचारा," त्याची बायको ज्ञानदा थर्मासमधून चहा ओतत म्हणाली. "तुला आपले जिकडेतिकडे पोलीसच दिसतात."

दिसणारच. मयुरेश जर्मनीत नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि जर्मन पासपोर्टसाठी त्याचा अर्ज पडून होता. अर्ज केल्यापासून हा पठ्ठ्या रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला उभा राहायचा. रविवारी आवाज करायला बंदी, म्हणून रिकाम्या बाटल्या टाकायलाही जायचा नाही. आपल्या नावावर एक डाग पडला की संपलं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. तसं काही नसतं, हे ज्ञानदाने शंभरदा सांगून झालं होतं.

त्यात यंदा क्लबने नवा नियम केला. पलीकडेच छोटा विमानतळ, तेव्हा प्रत्येक ग्लायडरमध्ये ओळख सांगणारं मॉड्यूल हवंच. काडेपेटीएवढी डबी ती. ग्लायडर वर गेला की ती मालकाचा नोंदणी नंबर सांगत राहते, आणि आसपासच्या कुणालाही तो फोनवर दिसतो. मयुरेशला क्लबच्या जुन्या बाजारात मॉड्यूल बसवलेलाच ग्लायडर मिळाला. "आधीचा मालक आता उडवत नाही," खजिनदार एवढंच बोलला. मयुरेशने घरी आणून पंखावरचं जुनं स्टिकर खरवडलं, आपल्या नंबरचं चिकटवलं आणि हात झटकले.

"पण फोनमध्ये एवढं बघतो तरी काय तो?" ज्ञानदाने शेवटी तेच ॲप आपल्या फोनवर घेतलं. जरा वेळ खाली-वर केलं. मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मयुरेश, तुझा नंबर शेवटी काय आहे? सात-चार ना?"

"हो. का गं?"

"इथे दुसराच दिसतोय."

मयुरेशने ग्लायडर कसाबसा खाली उतरवला. स्टिकर बदललं होतं, पण डबीच्या आतला नंबर बदलायचा साफ राहून गेला होता. इतके दिवस तो दुसऱ्याच कुणाच्या नावाने उडत होता!

"खोट्या नंबरप्लेटची गाडी चालवली की गं मी!"

"हळू बोल. बघतोय तो."

म्हातारा उठला होता. ग्लायडर उतरला की तो नेहमीच उठायचा, टोपीला हात लावायचा आणि निघून जायचा. आजही त्याने हात लावला. मयुरेशला ती सरळसरळ धमकी वाटली.

त्याच संध्याकाळी त्याने लॅपटॉप जोडून डबीतला जुना नंबर पुसला आणि आपला घातला. तरी आठवडाभर त्याला धड झोप नाही. पत्रपेटी तो दिवसातून तीनदा उघडून बघायचा. सरकारी पिवळं पाकीट आलं असेल तर? जेवताना मध्येच उठून तो विम्याचा कागद शोधायला लागला, तेव्हा ज्ञानदाने कपाळावर हात मारून घेतला. "देवा! पासपोर्ट मिळेपर्यंत माझा नवरा वेडा होणार."

रविवारी तो मैदानावर गेला तो फाईल काखेत घेऊनच.

ग्लायडर वर गेला. म्हातारा बाकावर होताच. त्याने फोन बघितला, आकाश बघितलं, परत फोन बघितला. रुमालाने काच पुसली. फोन बंद करून चालू केला, डोक्यावर उंच धरून बघितला. मग तो उठला आणि पहिल्यांदाच फाटक उघडून आत आला.

"झालं," मयुरेश पुटपुटला. त्याने ग्लायडर उतरवला आणि म्हाताऱ्याने काही विचारायच्या आत फाईल पुढे केली.

"नोंदणी, विमा, परवाना, सगळं यात आहे. नंबर बदलायचा राहिला होता, चूक माझी. पण आता बदललाय. तुम्ही तपासून घ्या."

"बदललात," म्हातारा म्हणाला. फाईल त्याने घेतली, उघडली मात्र नाही.

"तुम्ही तक्रार केलीये का आमची?" ज्ञानदाने सरळच विचारलं.

"तक्रार? मी?" म्हातारा गोंधळला. "कुणाला बोललो असतो तर तो नंबर बंद नसता का केला त्यांनी?"

त्याने फोन तिच्यापुढे धरला.

"आमचं घर इथे मागेच. हे ॲप माझ्या मुलाने घालून दिलं. म्हणाला, बाबा, घरबसल्या कळेल तुम्हाला, मी वर आहे की नाही ते. फेब्रुवारीत तो गेला. हायवेवर, गाडीत. आणि मे महिन्यात मी सहज फोन उघडला, तर त्याचा नंबर वर."

ज्ञानदाने पुढे होऊन म्हाताऱ्याचा दंड धरला.

"आल्झो, म्हणजे असं," म्हाताऱ्याने न उघडलेली फाईल मयुरेशच्या हातात परत दिली. "हे नियमात बसत नाही, हे मला कुणी सांगायला नको. उभी नोकरी मी ऑर्डनुंग्सआम्टमध्येच काढली. पण फक्त रविवारपुरता त्याचाच नंबर राहू द्याल का?"